धुमसणाऱ्या कपाटाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना स्मोकर आहे. दचकू नका, विड्या फुंकणारा नव्हे. मी विजेवर चालणारं, कमरेइतकं उंच, पत्र्याचं कपाट आहे. माझ्या तळाशी तापणारी कॉइल आहे, तिच्यावर लाकडाचे ढलपे ठेवायचा ट्रे, वर जाळीचे कप्पे आणि डोक्यावर धूर जायला एक भोक. ढलपे पेट घेत नाहीत, नुसते धुमसतात. त्या धुरीत मासे, चीज, कोंबडी तासन्‌तास मुरत राहतात. इतकं साधं माझं काम. पण आज मी माझं कौतुक सांगायला बसलेलो नाही. मला भीती वाटते. कुणी माझं बटण दाबलं की माझ्या पत्र्याला अजूनही कापरं भरतं. ते का, हे तुम्ही ऐकावं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला जोडणारी बाई भलतीच काटेकोर होती. माझ्या दाराभोवतीची रबरी पट्टी जराशी वाकडी बसली तर तिनं ती उपटून पुन्हा बसवली. शेवटी माझ्या पाठीवर एक सूचना चिकटवली : ‘फक्त उघड्यावर वापरा.’ ती पाठीवर का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कपाटाची पाठ भिंतीखेरीज कोण वाचतं?

दुकानात आम्ही तिघं ओळीनं उभे होतो. एकाला काचेचं दार होतं, दुसरा फोनवरून चालायचा, आणि तिसरा मी. एके दिवशी एक शिंपी आणि त्यांची बायको आली. सगळे त्यांना मास्तर आणि काकू म्हणत. काकूंनी माझं दार उघडून कप्पे ओढून पाहिले. मास्तरांनी मात्र खिशातून टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तशी माझी छाती, कंबर आणि उंची मोजली.

“ओट्याशेजारच्या कोपऱ्यात फिट्ट बसेल,” ते खुशीत म्हणाले.

दुकानातली मुलगी पुढे आली. “काका, स्वयंपाकघरात नका ठेवू हं. हा उघड्यावरच चालवायचा.”

“का? विजेचाच आहे ना? फ्रिज कुणी अंगणात ठेवतं का?”

“वीज नुसती तापवते, काका. जळतं ते लाकूडच. त्यातून एक वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. बंद खोलीत माणसाला आधी गुंगी येते, आणि मग त्याला जाग येत नाही.”

मास्तरांनी टेप गुंडाळली आणि उगाच छताकडे पाहिलं. काकूंनीच निकाल दिला, “अंगणातच ठेवू.” बाकीचे दोघे मास्तरांच्या मनातल्या त्या कोपऱ्यासाठी जास्त रुंद होते, म्हणून निवड माझी झाली. त्या मुलीचं बोलणं मास्तरांच्या एका कानातून आत गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं, हे मी पाहिलं होतं.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. अंगणात पत्र्याच्या छपराखाली मी उभा असे. काकू मला हळूहळू तापवत, ट्रेमधली चरबी न विसरता पुसत. शेजारणी वाटी घेऊन ‘सहज’ येत आणि भरून नेत. मास्तर बोटं चाटत म्हणत, “कपड्याची आणि स्मोकरची पारख मला शिकवू नका.” मी फुलून जाई.

मग एकदा वारा फिरला. माझा धूर खिडकीतून बाहेरच्या खोलीत शिरला. तिथं मास्तरांचं शिवणकाम चाले. दुसऱ्या दिवशी एक नवरदेव आपला कोट हातात धरून आला.

“मास्तर, हा घालून मी लग्नाला उभा राहू, की मासे धरायला जाऊ?”

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. तो गेल्यावर त्यांनी सगळा राग माझ्यावर आणि काकूंवर काढला. काकूंनीही ऐकून घेतलं नाही. सकाळभर भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. शेवटी मास्तरांनी मला ओढत स्वयंपाकघरात आणलं आणि ओट्याशेजारच्या कोपऱ्यात उभं केलं.

“ती दुकानातली मुलगी काय म्हणाली होती?” काकूंनी विचारलं.

“दुकानातल्यांना तसं सांगावंच लागतं. धूर दिसला की उघड खिडकी.”

आणि मग, मित्रांनो, त्यांनी जे केलं ते फक्त एक चांगला शिंपीच करू शकला असता. बाहेरच्या खोलीत टांगलेल्या कपड्यांना धूर लागू नये म्हणून त्यांनी जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या कापल्या, दुहेरी शिवल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या कडांना ठोकल्या. धूर बाहेरून फिरून पुन्हा कपड्यांपाशी येऊ नये म्हणून तिथल्या खिडकीच्या फटींतही तशाच पट्ट्या दाबून भरल्या. हात इतका सफाईदार, की सुई शिरेल एवढी फट राहिली नाही. मी ते बघत होतो आणि आतून गारठत होतो.

दुपारी काकूंनी मासे लावले आणि बटण दाबलं. स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं. बाहेर मशीन खडखडू लागलं, आत मी धुमसू लागलो. धूर थोडाच दिसत होता, म्हणून काकूंनी खिडकी उघडली नाही. काही वेळानं त्यांनी कपाळ चोळलं. “डोकं का दुखतंय मेलं,” त्या पुटपुटल्या आणि भांडणावर खापर फोडून कांदे चिरत राहिल्या. मग सुरी ठेवून स्टुलावर बसल्या. मग ओट्यावर हात टेकून त्यावर डोकं ठेवलं.

मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. माझी कॉइल जळू दे, फ्यूज उडू दे, वीज जाऊ दे, अशी मी जीव तोडून विनवणी करत होतो. पण मला चांगल्या हातांनी बनवलं होतं. मी बिघडलो नाही. मी माझं काम चोख करत राहिलो.

बाहेरचं मशीन थांबलं. मास्तरांना हल्ली जवळचं नीट दिसत नसे. धागा तुटला की ते काकूंना हाक मारत.

“अगं, सुई ओवून दे गं.”

काकूंनी मान उचलली नाही.

“रुसलीस होय? रुस,” मास्तर म्हणाले. मग स्वतःच सुई ओवायची धडपड करत बराच वेळ कुरकुरत राहिले. शेवटी ते पुन्हा बोलले, आवाज खाली आणून.

“बरं बाई. चुकलं माझं.”

उभ्या संसारात हे वाक्य मास्तरांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. आणि पडलंच, तर काकू ते उत्तर दिल्याशिवाय सोडतील, हे शक्यच नव्हतं. मास्तरांना हे माझ्याआधी कळलं असावं. खुर्ची पडल्याचा आवाज आला. लोकरीनं दार चौकटीत घट्ट रुतलं होतं. त्यांनी खांदा मारून ते उघडलं, काकूंना दोन्ही हातांनी धरून अंगणात ओढत नेलं, आणि सगळी गल्ली गोळा होईल अशी आरोळी ठोकली.

काकू वाचल्या. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा मास्तर दाराच्या पट्ट्या उसवत बसले होते. मला भंगारात देऊन टाकू, असं ते म्हणाले.

“नको,” काकू म्हणाल्या. “दुसरं कुणी उचलून घरात नेईल. अंगणात आपल्या डोळ्यांसमोर राहू दे.”

तेव्हापासून मी अंगणात आहे, खिडकीपासून दूर. आता गंज चढलाय, रबर तडकलंय. मित्रांनो, मला निवडायला जाल तेव्हा कप्पे, काच, बटणं मागाहून बघा. आधी घरी उघडी जागा आहे का ते बघा. नसेल तर मला आणू नका, मला मुळीच वाईट वाटणार नाही. मला धूर सोडता येतो, पण हाक मारता येत नाही.

अजूनही कधीमधी काकू मला लावतात. मग मास्तर आत शिवता शिवता, काही काम नसताना, मशीन थांबवून विचारतात, “अगं, आहेस ना?”

“आहे हो. जाते कुठे?” काकू ओरडतात.

ते उत्तर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.