सत्त्याण्णव टक्के भरलेलं शहर

हॅल्डेन बिल्डिंगमध्ये दोनशे बारा फ्लॅट आहेत. त्या वर्षी मार्चमध्ये त्यातल्या एकशे एक्कावन्न फ्लॅटमध्ये माणसं राहत होती. मी दोनशे सहा सांगितले.

मला कोणी तसं सांगायला लावलं नव्हतं, आणि त्यातून मला काही मिळणारही नव्हतं. हॅल्डेन म्हणजे क्लीव्हलँडच्या डाउनटाऊनमधली, शहराच्या मध्यवस्तीतली, सतरा मजल्यांची जुनी बँकेची इमारत. बँक गेली, वीस वर्षं आत कबुतरं राहिली, मग टेक्सासच्या कुठल्याशा कंपनीनं ती घेऊन आत फ्लॅट केले. पोलाद कारखान्यातून सुटलो तसा मी तिथं दारावर बसायला लागलो. कोण आलं, कोण गेलं, कुठल्या फ्लॅटच्या चावीला अजून हातही लागलेला नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. म्हणून डाउनटाऊनची वस्ती मोजणाऱ्या मंडळाची टेसा नावाची पोरगी दर मार्चला वही घेऊन माझ्याकडेच यायची. टेक्सासवाले तिच्या पत्रांना उत्तरच देत नसत.

“मिस्टर ओडेल, यंदा किती भरलेत?”

“दोनशे सहा.”

“अरे वा! गेल्या वर्षीपेक्षा चार जास्त.”

“लोक येतायत,” मी म्हणालो.

हे मी का केलं ते सांगतो. लुशियस हा माझ्या बायकोचा भाऊ. तो कोलंबसला राहतो, आमच्याच राज्यातल्या दुसऱ्या मोठ्या शहरात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, पण दर रविवारी चर्च सुटलं की त्याचा फोन काही चुकत नाही.

“काय रे ओडेल, गावात कोणी उरलंय का? का शेवटचा दिवा मालवायला तुलाच ठेवलाय?”

“तुमच्यासारखी मक्याची शेतं शहराच्या हद्दीत ओढून आम्ही डोकी वाढवत नाही.”

“शेतं तर शेतं. आम्ही नऊ लाख आहोत. तुम्ही?”

इथं माझी बोलती बंद व्हायची. एके काळी नऊ लाख आम्ही होतो. मी सतरा वर्षांचा असताना अलाबामाहून बसनं इथं उतरलो, तेव्हाही आठ लाखांवर होतो. आता चारही नाही. माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्याहून जास्त गाव उठून गेलं. आमच्या गल्लीत अठ्ठावीस घरं होती, चार राहिली आहेत, आणि मधल्या जागेत गवत उगवतं. सगळ्या शहरात वाढत होतं ते फक्त डाउनटाऊन. तिथं क्रेन उभ्या होत्या, जुन्या कचेऱ्यांच्या खिडक्यांत पडदे दिसत होते. लुशियसच्या तोंडावर मारायला माझ्याकडे तेवढंच होतं.

आणि माझी मुलगीही कोलंबसलाच होती. रेनिटा. एकुलती एक, नर्स आहे, एकोणीस वर्षं तिथं नोकरी करते; टेरेन्स तिचा नवरा. त्या जानेवारीत क्लीव्हलँडच्या एका हॉस्पिटलनं तिला वरची जागा देऊ केली. एक जूनच्या आत होय किंवा नाही कळवायचं होतं.

“डॅडी, आम्ही येतो,” ती म्हणाली, “पण डाउनटाऊनमध्ये घर मिळालं तरच. टेरेन्सची नजर आता फारच गेलीय. गाडी चालवणं बंद झालं. मी कामावर असताना त्याला एकट्याला दुकानात, बसस्टॉपवर जाता आलं पाहिजे. अंगण नको, जिने नकोत.”

“अगं, जागाच जागा आहे इथं,” मी म्हणालो. “तू ये तर खरी.”

नवव्या मजल्यावरचा कोपऱ्यातला नऊशे सात नंबर मी मनात तिच्यासाठी धरूनही ठेवला. मे महिन्यात ती बघायला येईल, मग चावी तिच्या हातात देईन, असं ठरवलं होतं. गेली नऊ वर्षं मी घरात एकट्याचं ताट घेत होतो. आता ती दोघं मी जिथं दिवसभर बसतो त्याच छपराखाली राहणार, याचा विचार करूनच मला झोप चांगली लागायची.

इकडे ईस्टरच्या आधीचे, मार्चमधले उपासाचे शुक्रवार चालू झाले. त्या दिवसांत मांस बंद असतं, म्हणून पोलिश चर्चच्या तळघरात तळलेला मासा आणि बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगी मिळतात, आणि धर्म कुठलाही असो, सगळं गाव तिथं जेवायला जातं. आम्ही दारावरची माणसंही एका टेबलाशी जमायचो. स्टॅश गोरेत्स्की नदीकडच्या टॉवरवर होता, डेल्फीन थिएटरजवळच्या बिल्डिंगवर.

“टेसा येऊन गेली,” स्टॅश म्हणाला. “मी पंच्याण्णव टक्के सांगितलं.”

“पंच्याण्णव?” डेल्फीननं काटा खाली ठेवला. “कोलंबसनं गेल्या वर्षी चौऱ्याण्णव छापलेत. एका टक्क्यानं जिंकणार तू? माणसाला काही लाज?”

“अगं, माझे वरचे चार मजले काळोखात असतात.”

“मग डोळे मिटून सांगायचं. ओडेल, तू किती सांगितलेस?”

“सत्त्याण्णव.”

“बघ! याला म्हणतात क्लीव्हलँडचा माणूस.”

“बाई, उपासाच्या दिवशी खोटं बोलायला लावतेस,” स्टॅश म्हणाला. “बरं, सोमवारी फोन करून दुरुस्त करतो. मोजताना चूक झाली म्हणून.”

आम्ही पोट धरून हसलो. खोटं बोलतोय असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही. मॅच बघताना आपल्या टीमसाठी ओरडतो ना, त्यातलाच प्रकार वाटला.

एप्रिलच्या शेवटी मंडळाचा अहवाल आला. पेपरात पहिल्या पानावर छापला होता: क्लीव्हलँडचं डाउनटाऊन सत्त्याण्णव टक्के भरलेलं, आसपासच्या मोठ्या शहरांत सर्वांत पुढे. खाली तक्ता, तक्त्यात कोलंबस आमच्या खाली. मी ते पान कापलं, आमच्या ओळीभोवती लाल शाईनं गोल काढला आणि पाकिटात घालून लुशियसला धाडून दिलं. त्या रविवारी त्याचा फोन आला नाही. मी दिवसभर खुशीत होतो.

पुढच्या रविवारी फोन वाजला तो रेनिटाचा.

“डॅडी, आम्ही घर घेतलं.”

“कितव्या मजल्यावर?” मी विचारलं. मला वाटलं, तिनं टेक्सासला परस्पर फोन करून हॅल्डेनमध्येच घेतलं, मला चकित करायला.

“मजला कसला, डॅडी? इथं. कोलंबसला. लुशियसमामाच्या मागच्या गल्लीत, एकमजली आहे. बस दारावरून जाते, टेरेन्सला सोयीचं आहे. शुक्रवारी सह्या झाल्या. हॉस्पिटलला नाही म्हणून कळवलं.”

मी स्वयंपाकघरात उभा होतो. खुर्ची मागंच होती, पण मला बसायचं सुचलं नाही.

“अगं पण इथं जागा आहे,” मी म्हणालो. “मी तुला सांगितलं होतं!”

“तुम्ही सांगणारच. तुम्हाला मी तिथं हवी होते. पण मामाच्या फ्रिजवर ते कात्रण लावलंय, लाल गोल काढलेलं. सत्त्याण्णव टक्के भरलंय, डॅडी. उरलेले तीन टक्के कसले असणार? एका खिडकीचे, समोर भिंत. तरी मी टेक्सासला फोन केला. तिथल्या बाईपुढे फ्लॅटची यादी नव्हती, तिनं पेपरातला तोच आकडा मला वाचून दाखवला. म्हणाली, इतकी मागणी आहे की आम्हाला भाडी वाढवावी लागली, नाव लिहून ठेवते, वर्षभर थांबा. टेरेन्सला मी वर्षभर कुठं थांबवू?”

“ते आकडे खरे नाहीत.”

“मंडळानं छापलेत.”

“मंडळाला मीच सांगितले.”

 

“काय सांगितलंत तुम्ही?”

“दोनशे सहा भरलेत म्हणून. एकशे एक्कावन्न आहेत. स्टॅशनंही वाढवून सांगितले, डेल्फीननंही. माझ्या एकट्याच्या बिल्डिंगमध्ये एकसष्ट रिकामे आहेत, बेटा.”

“एकसष्ट.”

“हो.”

“आणि हे कशासाठी?”

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, पण ते बाहेर काढायची लाज वाटली. “लुशियस दर रविवारी...” एवढंच म्हणालो.

“मामाला हरवायला,” ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिची आई गेली त्या रात्री हॉस्पिटलमधून मला फोन करून सांगताना तिचा जो आवाज होता, तसाच सपाट आवाज होता.

“डॅडी, तुम्ही मला सांगता की वेळेवर जेवतो. सांगता की गुडघा आता दुखत नाही. त्यातलं किती टक्के धरू मी?”

 तिनं फोन ठेवला.

शनिवारी ती आली. न सांगता, एकटी, अडीच तास गाडी चालवून. दारातून आत आली ती सरळ फ्रिजपाशी गेली. आत मोहरीची बाटली, सॉसेजचा अर्धा तुकडा आणि तीन अंडी होती. तिनं दार लावलं. मग मला म्हणाली, वरच्या खोलीतून माझा जुना कोट घेऊन या. मी जिना चढायला लागलो. चौथ्या पायरीवर मला कठड्याला धरून थांबावं लागलं. खाली बघितलं तर ती माझ्याकडे बघत उभी होती. तिला कोट नको होता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मला देणार होतात ते रिकामं घर दाखवा.”

“आता बघून काय करणार?”

“दाखवा.”

मी तिला हॅल्डेनला घेऊन गेलो. चावी काढली आणि लिफ्टनं नवव्या मजल्यावर गेलो. नऊशे सातचं दार उघडलं तसा रंगाचा वास आला. आत कोणी कधी राहिलंच नव्हतं. शेगडीवर कंपनीचा कागद तसाच चिकटलेला. दोन खोल्या, रुंद दारं, उंबरा कुठंच नाही. कोपऱ्याच्या खिडकीतून सरोवर दिसत होतं, बर्फ वितळलेलं, करड्या पाण्याचं. रेनिटानं नळ सोडला. आधी तांबडं पाणी आलं, मग बऱ्याच वेळानं स्वच्छ. तिनं ते तसंच वाहू दिलं.

मग ती परत दाराशी गेली आणि तिनं डोळे मिटले. उजवा हात भिंतीला लावून ती हळूहळू चालायला लागली. टेरेन्स चालतो तशी. मला आधी कळलंच नाही ती काय करतेय.

“अकरा पावलं,” ओट्याशी पोचल्यावर ती म्हणाली.

तिथून वळून झोपायच्या खोलीपर्यंत गेली. “सात.”

तिथून न्हाणीघर. “चार.” कुठंही ती अडखळली नाही, कशावरही आपटली नाही. न्हाणीघराच्या दारात तिनं डोळे उघडले.

“किती दिवस रिकामं आहे हे?”

“बांधलं तेव्हापासून. तीन वर्षं.”

तिचा हात भिंतीवरच होता. तो तिनं बराच वेळ तिथून उचलला नाही.  मग ती जाऊन नळ बंद करून आली.

“मला कशाला दाखवलंत हे?” तिनं विचारलं. दाखवा म्हणून तीच म्हणाली होती.

“चला खाली,” ती म्हणाली. “जेवायला घालते तुम्हाला.”

बाहेर येऊन मी दार ओढलं.   रेनिटानं माझ्या हातातून चावी घेतली आणि कुलूप लावलं.