अकरा मजले चढणारी बंदूक

“अंकल, एका बकऱ्यासाठी बंदूक शोधत किर्गिझस्तानपर्यंत कशाला जायचं? मटण तर आमच्या बिल्डिंगखालीच मिळतं!”

ईशानीने हे एका दमात विचारून टाकलं आणि लगेच फोनवर मैत्रिणींना कळवलं, ‘विचारला!’ सफा आणि शुभ्रा सकाळपासून तिच्या मागे लागल्या होत्या, हिंमत असेल तर विचारून दाखव म्हणून. तिची आई सुहासिनी कपाळाला हात लावून बसली. बाबा, म्हणजे राजन, छताकडे बघू लागले. टेबलामागचे खैरुद्दीन चाचा मात्र रागावले नाहीत. त्यांनी दारामागे हात घालून मला बाहेर काढलं. मी मनात म्हटलं, झालं, आज पुन्हा अकरा मजले.

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. खरं सांगायचं तर बंदुकीचं सोंग आहे. अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगच्या फळीतून माझा दस्ता कापला आणि पाण्याच्या पाइपाची नळी केली. दस्ता आतून पोकळ आहे. त्यात शिशाच्या चकत्या घातल्या की मी साडेचार किलोची होते, काढल्या की तीनची. बारा वर्षांत मी एकदाही उडालेली नाही. नुसती चढलेय.

खैरुद्दीन चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. अबू धाबीतल्या या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरून ते लोकांना परदेशी डोंगरांत, परवाना काढून, डोंगरी बकऱ्याच्या शिकारीला पाठवतात. खऱ्या बंदुका तिकडच्या वाटाड्यांकडे असतात. इथे फक्त ठरतं, की कुणाला किती वजनाची बंदूक झेपेल आणि कुठलं काडतूस. ते कॅटलॉग बघून ठरत नाही, मित्रांनो. मला खांद्याला लावून जिन्याने गच्चीवर जायचं, पोहोचल्या पोहोचल्या पालथं पडायचं आणि पाण्याच्या टाकीवर रंगवलेल्या बकऱ्यावर नेम धरायचा. धाप लागलेली असताना माझं टोक किती हलतं, ते चाचा बघतात. मग माझ्या तोंडावर हाताने फाडकन मारतात, म्हणजे गोळी सुटल्यासारखा दस्ता खांद्यात बसतो. दुसऱ्या वेळी चाचांनी हात उगारताच ज्याचे डोळे मिटतात, त्याला मोठं काडतूस मिळत नाही.

एकदा शारजाचा एक माणूस डोंगरावरून परत आला आणि त्याने मला चक्क हात जोडले. ते चार दिवस मी फुशारले होते. पण उन्हाळ्यात कोण येतंय! तेव्हा मी दाराला टेकण असते, नाहीतर एसीची गळकी नळी ढोसायची काठी. माझा पट्टा चारदा बदललाय. थकलेय हो मी.

“बाळा,” चाचा ईशानीला म्हणाले, “तो बकरा कड्यावर असतो, तीनशे मीटर लांब. मध्ये वारा. आपला हात हलला तर तो मरत नाही. पोटात गोळी घेऊन कड्यापलीकडे जातो. सापडतही नाही. दोन दोन दिवस तडफडतो. म्हणून आधी हात बघायचा, मग बंदूक.”

ईशानीचं हसू मावळलं.

“मला मोठ्या काडतुसाची थ्री हंड्रेड मॅग्नमच हवी,” राजन म्हणाले. “आमच्या साहेबांची तीच आहे.”

“यल्ला, चला, आधी चढा तर!” चाचा म्हणाले आणि लिफ्टने वर गेले.

पहिले तीन मजले राजन शिट्टी वाजवत चढले, मागोमाग ईशानी. चौथ्यावर त्यांनी मला भिंतीला टेकवलं, गुडघे धरले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले.

“बाबा, आर यू ओके?”

“ईशू, तू हो पुढे. मला एक कॉल करायचाय.”

ती वळणाआड गेली आणि मित्रांनो, त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. बारा वर्षांत मी पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दहाव्यावर उतरून, थोडं थांबून, उरलेला एक मजला त्यांनी धावत काढला. गच्चीवर त्यांचा हात दगडासारखा स्थिर. चाचांनी दोनदा फाडकन मारलं, तरी पापणी लवली नाही. “माशाल्ला, राजनसाहेब!” चाचा म्हणाले. मी ओरडणार कशी? मला तर उडताही येत नाही.

तेवढ्यात ईशानी आली, लालबुंद, घामाने निथळत. वाटेत तिला कुणीच ओलांडून गेलं नव्हतं. तिने बाबांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट कोरडा होता. तिने मला उचललं आणि माझा दस्ता कुठेही न आपटता जिन्याने खाली आणलं. मित्रांनो, मला कधी उचललंत, तर असंच उचला. आणि चढायचं तर खरं चढा. तुम्ही वाचवलेल्या पायऱ्या शेवटी त्या मुक्या जनावराच्या वाट्याला येतात.

खाली चाचांनी फॉर्मवर ‘थ्री हंड्रेड’ लिहायला पेन उघडलं.

“चाचा, वन मिनिट. बाबा लिफ्टने आले.”

“अहो!” सुहासिनी म्हणाली.

राजन खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले. “ऑफिसातले सगळे जाताहेत गं. मी एकटाच चौथ्या मजल्यावर राहू का?”

चाचांनी पेन मिटलं. “लाजायचं नाही, साहेब. छोटं काडतूस, हलकी बंदूक, तीन महिन्यांची मेहनत. इन्शाल्ला जमेल. आधी डॉक्टरांना दाखवा मात्र.”

ईशानीने मला खांद्याला लावलं. मला वाटलं होतं, आता तरी दारामागे विश्रांती.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “चाचा देत असतील तर ही आपल्या घरी येणार. डॉक्टर हो म्हणाले, की बाबांनी लिफ्टला हात लावायचा नाही. आधी चार मजले, मग सहा, मग आपल्या बिल्डिंगचे पूर्ण तेवीस. तीन महिन्यांनी इथे येऊन परत हात दाखवायचा. हलला, तर बाबा डोंगरावर जाऊन बकऱ्याचा फक्त फोटो काढणार. आणि रोज मागून मी येणार, शर्टला हात लावून बघायला.”