न सोसलेलं औषध

टेबलावर आडवी झालेली बाई केस कापण्याचं दुकान चालवायची. भूल द्यायला आलेल्या डॉक्टरणीच्या टोपीबाहेर डोकावणाऱ्या बटा बघून ती म्हणाली, "तुमचे केस कुणी कापलेत हो? उंदरानं कुरतडल्यासारखे..." आणि वाक्य अर्धवट टाकून झोपली.

पित्ताशयातले खडे काढायचे होते. डॉक्टरणीच्या दृष्टीनं हातखंडा काम. झोपेच्या औषधामागून तिनं स्नायू सैल करणारं औषध दिलं, घशातून नळी घातली. सर्जन हात धुऊन आला तोच नाडी मोजणाऱ्या यंत्राचा सूर बदलला. रक्तदाब दिसेना. तिनं बाईच्या मानेवर बोटं टेकवली. नाडी लागत नव्हती. चादर ओढली, तर गळ्यापासून मांड्यांपर्यंत अंग लालबुंद.

"सुरू करू?" सर्जननं विचारलं.

"नको. औषधाची ॲलर्जी आहे. छाती दाबायला घ्या."

सर्जन मुकाट्यानं छाती दाबू लागला. तिनं रक्तदाब वर आणणारं ॲड्रेनलिन दिलं, सलाईन जोरात सोडलं, पुन्हा ॲड्रेनलिन दिलं. तिचा आवाज चढला नाही. नाडी परतली तेव्हा तिला तहान लागल्याचं जाणवलं.

बाहेर बाईचा नवरा उभा होता. डॉक्टरणीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"म्हणजे ऑपरेशन झालंच नाही?"

"नाही. आधी जीव."

"धडधाकट बाई चालत आत गेली होती, डॉक्टर."

ती पुन्हा आत बाईपाशी गेली.

पुढे बाई सावरली. काही आठवड्यांनी हातावर टोचून तपासण्या झाल्या. स्नायू सैल करणारं औषध टोचलं तिथली गांध टरारून फुगली. ते औषध कायमचं वर्ज्य ठरलं. खडे मात्र पोटातच होते, आणि ते काही गप्प बसणारे नव्हते.

नवऱ्याला दुसरा डॉक्टर हवा होता. खरं तर डॉक्टरणीलाही तेच हवं होतं. भूल देताना हल्ली कुणाचाही रक्तदाब जरासा उतरला की तिचा हात ॲड्रेनलिनकडे जायचा. तिनं सर्जनला तसं सुचवलंही. पण बाई सरळ तिच्या खोलीत येऊन बसली.

"नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं रामायण सांगत बसू? तुम्हीच द्या."

"मला भीती वाटतेय," डॉक्टरणीच्या तोंडून निघून गेलं.

"बरं झालं. म्हणजे लक्ष ठेवाल."

दुसऱ्या खेपेला तिनं तपासणीत निर्धोक ठरलेलीच औषधं घेतली, ॲड्रेनलिन आधीच भरून हाताशी ठेवलं. ते लागलं नाही. यंत्राचा सूर शेवटपर्यंत एकसारखा राहिला.

शुद्धीवर आल्यावर बाईनं बाटलीतले खडे उजेडाकडे धरले. मिरीएवढेही नव्हते.

"एवढ्याशांनी एवढा छळ मांडला?" ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा हसला नाही. त्यानं डॉक्टरणीकडे बघून फक्त मान लववली. तिनंही लववली, आणि पुढचा रुग्ण वाट बघत होता, तिकडे गेली.