मुळांचा लाल

रंगारणीने काठीने कापड हंड्याबाहेर काढलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. पाणी निथळेपर्यंत तिने तिकडे पाहिलंच नाही. मग पाहिलं. लाल नव्हतं. जास्त भाजलेल्या विटेसारखं काळपट होतं.

"तुरटी कमी पडली असेल," ती स्वतःशीच म्हणाली. पण तुरटी तिने दोनदा मोजून घातली होती.

ओढ्याच्या पाण्यात निघणारा घराण्याचा जुना लाल पुन्हा काढायचा, म्हणून या एका कापडापायी नऊ वर्षं गेली होती. ओढा म्हणजे नुसता काळा गाळ होता. नवऱ्याने नोकरी सोडून तो उपसला, काठावर झाडं लावली. लोकांनी वेड्यात काढलं. पाणी नितळ झालं, मासे परतले, तेव्हा कुठे झाडांखाली मंजिष्ठेचे, मुळांतून लाल रंग देणारे वेल लावता आले. मुळं रंगाजोगी व्हायला आणखी तीन वर्षं लागली. आज पहिली मुळं कुटली होती.

तिने बादलीतलं ओढ्याचं पाणी ओंजळीने तोंडात घेतलं. दिसायला काचेसारखं, पण चव गंजाची. पाण्यात लोखंड असलं की लाल काळवंडतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ओलं कापड घेऊन ती आतल्या खोलीत गेली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. जुना लाल ओळखणारं आता त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"आई, खरं सांगा. असाच होता का?"

सासूबाईंनी कापड मांडीवर पसरलं, उजेडाकडे धरलं.

"हा? हा तर चहा सांडल्यासारखा दिसतोय गं."

"मग तुमच्या वेळचा कसा होता?"

त्यांनी कापडाची कड बोटांत चोळली.

"आमचा बाजारातल्या पुडीतला होता. मी सून म्हणून आले तेव्हापासून पुडीच. वर फूल छापलेलं असायचं."

"आणि ते मुळांचं, ओढ्याच्या पाण्याचं?"

"माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यांनी तरी कुठे पाहिला होता! तुम्ही दोघं इतक्या हौसेनं खपत होता, माझ्याच्यानं बोलवेना."

रंगारीण कापड तिथेच ठेवून उठली.

ओढ्याकाठी नवरा मुळं काढलेल्या जागी नवी रोपं लावत होता. तिची चाहूल लागताच त्याने विचारलं,

"आला का गं लाल?"

"आईंना दाखवलं."

"मग? काय म्हणाली?"

ती क्षणभर त्याच्या मातकट हातांकडे बघत राहिली.

"म्हणाल्या, जवळ आलाय."

त्याने मान डोलावली आणि पुढचा खड्डा खणायला घेतला. ती शेजारी उकिडवी बसली आणि एक रोप हातात धरून खड्डा खोल होण्याची वाट पाहू लागली.