उद्याचा पेपर वाचणारे महाराज

शुक्रवारी सकाळी रेणापूरच्या बसस्टँडवर पेपरचा गठ्ठा उतरला की आजकाल आधी झोंबाझोंबी व्हायची आणि मग वाचन. ज्या गावात पेपर मुख्यतः भजी बांधायच्या कामी येई, तिथे माणसे जिल्ह्याचे पान उघडून ओळीओळीवर बोट फिरवू लागली होती.

"आलंय बघ! शब्दाला शब्द!" रामलिंग ओरडला. "'व्यापाऱ्यांच्या रक्तदान शिबिरास भरघोस प्रतिसाद.' काल महाराजांनी हेच सांगितलं का न्हाई?"

"हाव, सांगितलं की! मी म्होरंच बसलो होतो," मलप्पा म्हणाला आणि बातमीच्या दिशेनेच त्याने हात जोडले.

महाराज म्हणजे श्री भविष्यनाथ. गावाबाहेर नव्या पत्र्याच्या मठात दर गुरुवारी संध्याकाळी दरबार भरे. महाराज डोळे मिटत, मान डोलवत आणि उद्याचा पेपर आजच वाचून दाखवत. सकाळी तो खरा पेपर येई आणि महाराज खरे ठरत. जो उद्याचा पेपर वाचतो, त्याला माणसाचा उद्या वाचायला काय जड? हा हिशेब लोकांनी आपणच करून टाकला. मग कोणी लग्नाचे विचारू लागले, कोणी सोयाबीनच्या भावाचे, आणि रामलिंगची आई तुळजाबाई छातीतल्या गाठीचे.

गाठीला लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते. "आत्ता गाठ लहान आहे. उशीर करू नका," असे बजावून तारीखही दिली होती. महाराजांनी मात्र डोळे मिटले आणि सांगितले, "चाकू लावायचा नाही. मला दिसतंय, गाठ विरघळली. विभूती चोळा." तारीख तशीच निघून गेली. दुसरी तारीख दहा दिवसांनी, सोमवारी होती आणि तुळजाबाई त्याही दिवशी विभूतीच चोळणार होती.

हे ऐकून रामलिंगची धाकटी बहीण सुकन्या कासावीस झाली. लातुरात तिची जनसंपर्काची एजन्सी होती, म्हणजे लोकांचे कौतुक लोकांच्याच खर्चाने पेपरात आणून देण्याचे दुकान. शिकवणी वर्ग, साडीसेंटर, दोन-चार दवाखाने, एक होतकरू पुढारी अशी गिऱ्हाइके होती. हा धंदा ती नांदेडला भुजंगरावांच्या हाताखाली शिकली. भुजंगरावांचा पहिला धडा तिला पाठ होता.

"सुकन्या, पेपरची पानं संध्याकाळी लागतात आणि कार्यक्रम रात्री होतो. मग प्रेसनोट कधी पाठवायची? दुपारी! आणि कार्यक्रम झालाय असंच लिहायचं. पाहुणे काय बोलले तेही आपणच ठरवायचं. पाहुण्यांनासुद्धा सकाळी पेपर वाचल्यावर कळतं, आपण एवढं चांगलं बोललो म्हणून."

सगळी दुनिया हेच करत होती, सुकन्याही करू लागली. दुपारी प्रेसनोट जिल्ह्याच्या वार्ताहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, पेपरवाले ती जशीच्या तशी उचलायचे आणि सकाळी गिऱ्हाईक खूश. अशा नोटांवर तिने ऑफिस थाटले, दोन मुली कामाला ठेवल्या, स्कुटीची कार केली. हुशार बाई होती. पण आईपुढे हुशारी चालेना, म्हणून पुढच्या गुरुवारी ती स्वतःच दरबारात जाऊन बसली.

मठात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराज गादीवर आले. त्यांच्या मागोमाग पांढऱ्या झब्ब्यात, कपाळाला बोटभर गंध लावून 'प्रधान सेवक' आला आणि सुकन्याने मान उंचावून पुन्हा नीट बघितले. ते भुजंगराव होते! नांदेडचा धंदा बसल्याचे तिच्या कानावर आले होते, तो इथे उठला असेल असे मात्र वाटले नव्हते.

"काळाचं पान उलटतंय..." महाराज घुमू लागले. "दिसतंय... उजव्या हाताला... शाई अजून ओली आहे..." शाई ओली आहे म्हटल्यावर म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा आला. "'गुणवंतांच्या सत्कार सोहळ्यात कौतुकाच्या सुगंधाने लातूरनगरी दरवळली...'"

लोकांनी जयजयकार केला. सुकन्याने कपाळावर हात मारला. कौतुकाच्या सुगंधाने लातूरनगरी दरवळवणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच होती आणि तिने ते वाक्य त्याच दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता लिहिले होते.

घरी येताच ती आईपुढे बसली. "माय, ते वाक्य माझं आहे! दुपारी मी ग्रुपवर टाकलं, भुजंगरावांनी महाराजांना पाठ करून दिलं."

तुळजाबाईने गालावर हात ठेवला. "म्हंजे त्यांनी तुज्या मनातलं बी वाचलं का गं?"

"बघ!" रामलिंग म्हणाला. "तू लातुरात लिवतीस अन् महाराजांना हितं दिसतं. अजून काय पुरावा पायजे तुला?"

आता बोला! पुरावा द्यायला गेली आणि महाराजांची आणखी एक सिद्धी सिद्ध करून आली. सुकन्याला हसावे की रडावे कळेना. ती रडलीच. सोमवार आला आणि गेला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा तुळजाबाईने तो उचललाच नाही. सुकन्याने डॉक्टरांच्या हातापाया पडून पुढच्या शनिवारची तारीख मिळवली. "यानंतर मी काही सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

मधल्या गुरुवारी सुकन्याच्याच एका गिऱ्हाइकाचे, नेत्रतज्ज्ञ डॉक्टर आनंदराज यांचे, रेणापूरच्या शाळेत मोफत शिबिर होते. वेळ दुपारी चारची. रिवाजाप्रमाणे तिने दोन वाजता प्रेसनोट ग्रुपवर टाकून दिली, 'उत्साहात संपन्न'. आणि चारच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला.

"सुकन्याताई, एका मुलाच्या डोळ्यात खिळा गेलाय. मला ऑपरेशनला उभं राहावं लागणार. शिबिर उद्या सकाळी घेऊ. शाळेत निरोप दिलाय."

अशा वेळी ग्रुपवर 'सदर बातमी घेऊ नये' असे टाकायची रीत असते. सुकन्याने टाइप करायला घेतले आणि तिचे बोट मध्येच थांबले. ग्रुपवर तिने काही टाकले नाही. प्रत्येक पेपरच्या कचेरीत फोन करून बातमी तेवढी थांबवली, पर्स उचलली आणि गाडी थेट रेणापूरला हाणली.

दरबार भरला होता. पुढच्या रांगेत आई आणि रामलिंग होते. शाळेतून परत फिरलेली म्हातारी मंडळी, आलोच आहोत तर दर्शन घेऊ म्हणून, मठातच येऊन टेकली होती. भुजंगराव दिवसभर मठाच्या व्यापात होते, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. उलट गावचीच बातमी मिळाली म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता.

"दिसतंय... आज तर तुमच्याच गावाचं नाव दिसतंय!" महाराज घुमले. "'रेणापुरात नेत्रतपासणी शिबिर उत्साहात संपन्न! शेकडो रुग्णांनी घेतला लाभ! डॉक्टर आनंदराज यांचे मौलिक मार्गदर्शन...'"

"बोला, भविष्यनाथ महाराज की..." भुजंगरावांनी हात वर केला. जय अर्ध्यातच विरला.

"कवा झालं म्हनं?" मोतीबिंदूवाली धुरपताबाई काठी टेकत उभी राहिली. "आमी शाळंत बसून बसून आलाव की! डाक्टर आलाच न्हाई. उद्या या म्हनले."

"हाव, न्हाई आला!" आणखी चार आवाज उठले.

भुजंगराव मुरलेले होते. "माऊली, महाराज सूक्ष्मात बघतात. शिबिर सूक्ष्मात झालेलं आहे!"

"मग माजा मोतीबिंदू बी सूक्ष्मात निघाला का काय? मला तर तू अजून धुराटच दिसायलास!"

सगळा मठ हसला. जिथे हसू शिरते तिथे चमत्काराला फार वेळ बसता येत नाही. सुकन्या उठून उभी राहिली.

"महाराज, पुढचं मी सांगू? 'मान्यवरांचे आभार शिवशंकर यांनी मानले. शिबिराच्या यशस्वितेसाठी सर्वांनी परिश्रम घेतले.' बरोबर ना?"

महाराजांनी डोळे उघडले आणि भुजंगरावांकडे पाहिले. त्या एका नजरेत सगळा मठ उघडा पडला.

मग सुकन्याने सगळे फोड करून सांगितले. दुपारच्या प्रेसनोटा, व्हॉट्सॲप ग्रुप, त्या ग्रुपमध्ये बसलेले भुजंगराव, संध्याकाळचे पाठांतर. "महाराजांना उद्याचं काही दिसत नाही. त्यांना फक्त आम्ही दुपारी लिहिलेलं दिसतं. आज घडलेलंसुद्धा त्यांना कळलं नाही, कारण ते कुणी लिहून पाठवलं नव्हतं. आणि ही बातमी उद्या छापूनही येणार नाही. मी थांबवलीय."

मलप्पाने डोके खाजवले. "एक विचारू का सुकन्या? म्हंजे न झालेलं झालं म्हनून तू बी लिवतीस की!"

प्रश्न वर्मी बसला. तिला लाज वाटली आणि ती लपवावी असेही वाटले नाही. "हो काका, लिहिते. यापुढे नाही लिहिणार, मग गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत. पण तुम्हीही एवढं करा. महाराज बोलले म्हणून खरं मानू नका, पेपरात आलं म्हणून मानू नका आणि मी सांगते म्हणूनही मानू नका. विचारत जा, हे कुणी पाहिलं? कुणी तपासलं? विचारायला काही लागत नाही. न विचारण्यात मात्र माणूस जातो."

तुळजाबाई सावकाश उठली, कमरेची पिशवी सोडून तिने विभूतीची पुडी काढली आणि गादीजवळ गेली.

"महाराज, माजी गाठ विरघळली म्हनालात. ते बी असंच का? व्हायच्या आदीच सांगून टाकलेलं?"

महाराजांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. इतके बोलके महाराज, पण हे उत्तर कोणी लिहून दिलेले नव्हते. तुळजाबाई पुडी गादीवर ठेवून वळली आणि जाताना सुकन्याचा हात तिने इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

शनिवारी ऑपरेशन झाले. संध्याकाळी तुळजाबाई शुद्धीवर आली तेव्हा रामलिंग कॉटशेजारी उभा राहून फोनवर साऱ्या भावकीला सांगत होता, "माय ठणठणीत बरी झाली! हाव, एकदम बरी!"

"गाठ कुठाय?" तुळजाबाईने डॉक्टरांना विचारले.

"काढली, आजी. तपासायला पाठवलीय. रिपोर्ट आला की पुढचं औषध ठरवू."

तुळजाबाईने मान वळवून लेकाकडे बघितले.

"रामलिंग, ठेव तो फोन. न तपासताच बरी झाले म्हनायला, मी काय महाराज हाय?"