इंचभर पट्टी

खरं सांगतो, हे लिहायचं मी जवळजवळ टाळलंच होतं. कपाट झालं, फोटो काढले, विषय संपला असता. पण मधला एक रविवार गाळून बढाई मारायची लाज वाटते. म्हणून 'मी' न म्हणता 'तो' म्हणतो. तेवढंच सोपं जातं.

तर, त्याची आई शिवणकाम करते. गिऱ्हाइकांच्या कापडांची गाठोडी पलंगाखाली, खुर्चीवर, फ्रिजवर. एकदा घाईत तो कुणाचा तरी नवाकोरा शर्ट घालून कामावर गेला. त्या दिवशी आईने हातच जोडले. "बाबा रे, मला कपाट तरी दे, नाहीतर तू दुसरीकडे राहायला जा."

सुतारकाम तो मोबाइलवर बघून बघून शिकलेला. आधी एक स्टूल केलं होतं, ते अजून डुगडुगतं. पण हे मोठं काम होतं. खिडकीशेजारच्या कोनाड्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाट, वर लांब फळ्या, खाली सहा खण. माप घ्यायला आईची टेप होतीच, वीस वर्षं तिच्या गळ्यात लटकलेली. आईने स्वतः धरली. साठ इंच.

लाकूड कापलं भुशाने, स्वतःच्या स्टीलच्या टेपने मोजून. भुशा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, लाकडाच्या वखारीत कामाला. केसांत कायम भुसा, म्हणून भुशा. पुढच्या महिन्यापासून मालक त्याला मोठ्या करवतीवर एकट्याला उभं करणार होते. तो आठवडाभर तेच सांगत सुटला होता.

रविवारी दोघांनी कपाट जोडलं, कोनाड्यात सरकवलं. आणि डावीकडे भिंतीपाशी ही फट! चांगली इंचभर.

"कापताना हात हलला वाटतं कुणाचा तरी," आई म्हणाली.

"काकू, साठ म्हणजे साठच कापलंय."

"म्हणजे माझं माप चुकलं? वीस वर्षांत एकाचाही कपडा मला उसवावा लागलेला नाही. थांब, उद्या तुझ्या मालकांनाच विचारते."

भुशाने दोस्ताकडे बघितलं. एकदाच. आणि याच्या तोंडाला कुलूप. भुशा चपला घालून निघून गेला. त्याची स्टीलची टेप तिथेच राहिली.

याला काही चैन पडेना. शेवटी त्याने दोन्ही टेपा जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या. आईच्या टेपचे साठ इंच संपले, तिथे स्टीलवर एकसष्ट. ओढून ओढून ताणली गेली होती बिचारी. गुंडाळून ठेवली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"आई, जरा इकडे ये."

आईने चष्मा लावून दोनदा बघितलं. मग एकदम हसायलाच लागली. "तरीच! अरे, मापही हिनेच घेते, कापतेही हिनेच. म्हणून कपडे बरोब्बर बसत आले! घरच्या घरात खरीच आहे ही. तूच मधे परकी टेप घुसवलीस." हसता हसता थांबली. "हे तेव्हाच मोजून बघता आलं असतं की. दोस्ताला तसंच जाऊ दिलंस?"

तो खाली बसून भुशाची टेप गुंडाळत राहिला.

सोमवारी सकाळी आई वखारीत हजर, गळ्यात तीच टेप. करवतीच्या आवाजावर आवाज चढवून मालकांना म्हणाली, "काल मी या पोराला नाही नाही ते बोलले. चूक माझ्या टेपची. हा साठ म्हणजे साठच कापतो. तुमच्या त्या मोठ्या करवतीवर यालाच उभं करा."

"ताई, तो उभा राहणारच आहे," मालक म्हणाले. "पण आता तुमची शिफारशीची चिठ्ठीही मिळाली म्हणायची!"

भुशाचे कान लालेलाल. त्याच दिवशी उरलेल्या फळीतून त्याने इंचभर पट्टी कापून आणली. फटीत ठेवली, मुठीने दोन ठोसे, बसली! जणू जन्मापासून तिथेच होती.

आता कपाटाचं दार एका बोटाने लागतं. फ्रिजचं डोकं बऱ्याच वर्षांनी दिसलं. येईल त्या गिऱ्हाइकाला आई आधी कपाट दाखवते, मग कापड बघते. "हे माझ्या लेकाने केलं. आणि ही पट्टी भुशाची."

ते ऐकलं की दोघांच्याही छात्या फुगतात. परवा भुशा पट्टीवरून हात फिरवत म्हणाला, "आमच्या घरी कधी करतोस रे कपाट?"

"पुढच्या रविवारी येतो. माप तुझ्या टेपने," तो म्हणाला. "आणि भुशा, यापुढे तुझ्या कामाला कुणी नावं ठेवली ना, तर समोर माझी आई असली तरी आधी मी तोंड उघडीन. शब्द देतो."