बारा चाळीसची पडताळणी

मास्तरांनी आयुष्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता आणि त्यांना पगार त्याचाच मिळत होता. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की ऑफिसनं त्यांना मास्तर करून टाकलं होतं. वय त्रेपन्न. हुद्दा, पडताळणी प्रमुख. प्रमुखांच्या हाताखाली कुणी नव्हतं.

कंपनीचं ॲप घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांसाठी होतं. सिलिंडर संपत आला की घरच्यांनी फोनवरचं बटण दाबायचं, मागणी गाडीवाल्यांकडे जायची, गाडी दाराशी यायची. हे ॲप एका संगणकावर चालत नसे. कुबरनेटीस नावाच्या व्यवस्थेनं कितीतरी संगणक एकत्र जुंपून ठेवले होते. त्या जुंपणीला क्लस्टर म्हणत. त्यावर ॲपच्या सहा प्रती चालत. एखादी मेली तर व्यवस्था हूं की चूं न करता तिच्या जागी दुसरी उभी करी.

क्लस्टर दोन होते. एक खरा, ज्याच्या भरवशावर माणसं श्वास घेत. दुसरा तालमीचा, ज्यावर कुणाचं काही अडत नसे. तालमीचा क्लस्टर खऱ्यासारखा हुबेहूब हवा, हा हट्ट मास्तरांचाच. त्यासाठी ते दोन वर्षं भांडले होते. शेवटी नावं तीच झाली, आकडे तेच झाले, खोटे रुग्णसुद्धा खऱ्यांइतकेच आजारी झाले. फरक उरला तो पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका फिकट शब्दाचा.

बुधवारी दुपारी भिंगरीनं ॲपची नवी आवृत्ती खऱ्या क्लस्टरवर चढवली. तिचं कामच ते. एकोणतीस वर्षांची, एका जागी दोन मिनिटं न बसणारी, म्हणून भिंगरी.

"मास्तर, चढवली! आता बघा आणि शिव्या घाला."

"न बघता शिव्या घातल्यात का मी कधी?"

"गेल्या महिन्यात. मी तेव्हा रजेवर होते."

मास्तरांनी यादी काढली. चौदा कलमं. सहाच्या सहा प्रती उभ्या आहेत का, आवृत्तीचा क्रमांक नवा आहे का, एखादी प्रत पडून पुन्हा पुन्हा उठतेय का, आणि सगळ्यात शेवटी, मागणी गाडीवाल्यांपर्यंत पोचते का. प्रत्येक कलम त्यांनी दोनदा तपासलं, चौदावं तीनदा. बारा चाळीसला सही ठोकली आणि डबा उघडला.

एक दहाला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लेकीनं वडिलांसाठी बटण दाबलं. वडिलांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती आणि आता ते सिलिंडरच्या काट्याकडे बघत पडलेले असत. ॲपनं कळवलं: मागणी मिळाली, गाडी निघाली आहे. शेजारी हिरवी खूण. गाडी निघाली नव्हती. गाडीवाल्यांची यंत्रणा उघडायला एक किल्ली लागे, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक गुप्त ओळ. नव्या आवृत्तीला नवी किल्ली हवी होती आणि खऱ्या क्लस्टरवर ती नव्हती. ॲप मागण्या घेत होतं, लोकांचे आभार मानत होतं आणि मागण्या स्वतःपाशीच ठेवत होतं. लेकीनं चार वेळा बटण दाबलं. चारही वेळा ॲपनं तिला धीर दिला. शेवटी तिनं शेजाऱ्यांच्या गाडीत वडिलांना घातलं. इस्पितळ दिसायला लागलं तेव्हा ते गेले.

साडेतीनला किल्ली नसल्याचं लक्षात आलं, तीन पस्तीसला ती बसवली. दुरुस्ती अवघ्या पाच मिनिटांत झाली, याची चौकशी अहवालात कौतुकानं नोंद आहे.

चौकशी साहेबांनी त्याच संध्याकाळी स्वतः केली आणि ती बिनतोड होती. बारा चाळीसला मास्तरांनी पाहिलं तेव्हा मागण्या पोचत होत्या. म्हणजे किल्ली होती. साडेतीनला नव्हती, म्हणजे मधे कुणीतरी काढली. त्या दिवशी खऱ्या क्लस्टरला हात लावायची मुभा एकट्या भिंगरीला होती. क्लस्टरच्या नोंदी वाचल्या असत्या तर खरं काय ते कळलं असतं. पण मास्तरांची सही हाताशी असताना नोंदी कोण वाचत बसणार?

गुरुवारी सकाळी मास्तर स्वतःच्या समाधानासाठी यादी पुन्हा तपासायला बसले. पहिल्याच कलमाला त्यांची नजर कोपऱ्यात गेली. 'तालीम'.

सोमवारी साहेबांना काहीतरी दाखवायला ते तालमीच्या क्लस्टरवर गेले होते. परत आलेच नव्हते. तिथं भिंगरीनं नवी आवृत्ती मंगळवारीच चढवून ठेवली होती, किल्लीसकट. त्यांनी पडदा मागे सरकवत बुधवारी आपण संगणकाला दिलेले हुकूम पाहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर तोच फिकट शब्द. चौदाव्या कलमापाशी तीनदा.

मास्तर तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, मी चुकीचा क्लस्टर तपासला."

साहेबांनी उठून दार लावलं. "पाणी घ्या."

"किल्ली कुणी काढलेली नाही. ती खऱ्यावर बसवायचीच राहिली. राहतं माणसाकडून. ते पकडायलाच तर मी आहे."

"मास्तर, तुमच्या सहीवर एकतीस इस्पितळं घरी सोडलेले रुग्ण आपल्याकडे सोपवतात. आज ही एक सही चुकली म्हणा, उद्या ते मागच्या सगळ्या उकरून काढतील. भिंगरीचं काय, आज इथून गेली तर सोमवारी दुसरीकडे लागेल. तुम्हाला त्रेपन्नाव्या वर्षी दारात कोण उभं करणार?"

"पण ती—"

"मला एकच सांगा. तुम्ही पाहिलंत तेव्हा चालत होतं की नव्हतं?"

"चालत होतं. पण तिथं—"

"बस. मी एवढंच विचारलं."

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"निघताना गॅस बंद केला का ते तीन-तीनदा बघता," ती म्हणाली. "या वेळी शेजाऱ्यांचा बघून आलात होय?"

मास्तर हसले नाहीत. तीही हसली नव्हती.

"त्या पोरीला सांगितलंत?"

"उद्या सांगतो."

"उद्याचं नाव घेतलंत, म्हणजे झालंच."

शुक्रवारी भिंगरी खण रिकामा करत होती. आजूबाजूची माणसं एकाएकी फार कामसू झाली होती; कुणी मान वर करत नव्हतं. मास्तर तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी रस्त्यात जुळवून आणलं होतं. पण ती आधी बोलली.

"मास्तर, एक विचारते. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका हं."

"विचार."

"तुम्ही पाहिलंत तेव्हा चालत होतं ना? किल्ली बसवल्याचं मला आठवतंय, काढल्याचं आठवत नाही. दोन दिवस डोकं फोडतेय. आधी वाटलं, तालमीवर बसवली आणि खऱ्यावर राहिली असेल. पण मग ते तुम्हाला दिसलं असतं. तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. म्हणजे नंतर मीच काहीतरी केलंय आणि मला ते कळलंसुद्धा नाही. असं होतं का हो माणसाचं?"

ती एकटीच चालत खऱ्यापर्यंत पोचली होती आणि मास्तरांच्या सहीपाशी येऊन मागे फिरली होती. काचेपलीकडे साहेब फोनवर बोलत होते आणि इकडेच बघत होते.

"मी पाहिलं तेव्हा चालत होतं," मास्तर म्हणाले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

भिंगरीनं मान हलवली. तिला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. निदान एक गोष्ट तरी नक्की झाली. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "मी त्या गेलेल्या गृहस्थांच्या मुलीकडे जाऊन येणार आहे. साहेब नको म्हणतायत, पण जाणार. सांगते तिला, की हे माझ्या हातून झालं."

"जाऊ नकोस."

"का?"

याचं उत्तर मास्तरांपाशी होतं. एका वाक्याचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला पत्ता कुठे माहीत आहे?"

"मागणीबरोबर येतो की पत्ता." तिनं पिशवी खांद्याला लावली. "चार वेळा आलाय."

मास्तर तिच्या पुढे गेले आणि त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.